रोल धुवायला टाकण्यापूर्वी: खासगी फोटो नेमके कोणाच्या नजरेखालून जातात आणि ते कसं टाळायचं

मी काही वर्षं एका लॅबमध्ये मिनिलॅबच्या, म्हणजे जागच्या जागी रोल धुऊन प्रिंट काढणाऱ्या मशीनवर काम करत होते. रोल देताना बहुतेक ग्राहक "कधी मिळतील?" एवढंच विचारायचे. काही जण मात्र पाकीट पुढे सरकवताना घुटमळायचे. काही बायका दारातूनच डोकावून मी आत आहे का ते बघायच्या आणि मगच पायरी चढायच्या. मनातला प्रश्न ओठांवर यायचा नाही, पण कळायचा: हे फोटो तुम्ही बघणार का?

बघायचे. बघावेच लागायचे. पण प्रत्येक टप्प्यावर नाही, आणि खासगी फोटो सांभाळण्याची सगळी गोम तिथेच आहे. रोल धुणं आणि फोटो बघणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं अंधारात होतं, दुसरं उजेडात. काउंटरवर दोन्ही एका दमात मागायची सवय पडली आहे. ही सवय जुनी आहे. १८८८ साली कोडॅकने पहिला कॅमेरा विकायला काढला तेव्हा त्यात शंभर फोटोंची फिल्म भरलेली असायची, आणि ती संपली की ग्राहक अख्खा कॅमेराच रॉचेस्टरच्या कारखान्यात पाठवून द्यायचा. तेव्हापासून आपण फोटो काढतो आणि पुढचं कोणीतरी अनोळखी माणूस बघतो.

नजर कुठे पडते

रंगीत निगेटिव्ह फिल्म सी-४१ या प्रक्रियेने धुतात. ही प्रक्रिया कोडॅकने १९७२ साली आणली आणि आजही जगभर तीच चालते. रोल आला की त्याला नंबराचं स्टिकर लागतं आणि त्याच नंबराचं जोडीचं स्टिकर पाकिटावर. लॅबमध्ये याला ट्विन चेक म्हणतात. मग रोल प्रोसेसरमध्ये जातो. ३७.८ अंश सेल्सिअसच्या डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणारं रसायन) सव्वातीन मिनिटं, पुढे ब्लीच, फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन), शेवटचं पाणी आणि वाळवणी. ब्लीच-फिक्सर होईपर्यंत आत उजेड शिरला तर फिल्म खराब होते, त्यामुळे या टप्प्यात कोणी डोकावायचं म्हटलं तरी डोकावता येत नाही.

बाहेर येते ती नारिंगी पट्टी. तिच्यात चेहरे काळपट, केस पांढरे, आकाश भलत्याच रंगाचं. ही पट्टी लाइट टेबलवर (खालून उजेड येणारं टेबल) ठेवून सहा-सहा किंवा चार-चार फ्रेमचे तुकडे करतात आणि स्लीव्हमध्ये घालतात. मुरलेल्या माणसाला निगेटिव्हमधलंही बरंच कळतं, पण त्यातून ओळखीचा चेहरा ओळखणं कठीण जातं. स्लाइड फिल्मची गोष्ट वेगळी. ती ई-६ प्रक्रियेतून सुलट रंगांतच बाहेर येते, म्हणजे लाइट टेबलवर ठेवली की सगळं स्पष्ट दिसतं. खासगी फोटोंसाठी स्लाइड वापरत असाल तर एवढं ध्यानात ठेवा.

खरी नजर पडते स्कॅनरवर. तिथे एकेक फ्रेम सुलट होऊन पडद्यावर येते आणि ऑपरेटर तिची डेन्सिटी (गडदपणा) आणि सायन, मॅजेंटा, यलो हे रंग कमी-जास्त करतो. मशीन अंदाज बांधतं, पण कातडीचा रंग बरोबर आला की नाही हे शेवटी माणूसच ठरवतो. दिवसभर असं काम केलं की समोर माणूस आहे हे विसरायला होतं. दिसतो तो फक्त कातडीचा पिवळेपणा. प्रिंट काढायच्या असतील तर आणखी दोनदा नजर जाते: मशीनमधून पडताना आणि पाकिटात भरताना. बिघडलेली प्रिंट टोपलीत जाते. ती फाडून टाकली जाईलच याची खात्री नसते.

लोकांना अनोळखी ऑपरेटरची भीती वाटते. मला वाटतं, ती भीती चुकीच्या माणसाची आहे. अनोळखी चेहऱ्यात कोणालाच रस नसतो. कान टवकारले जायचे ते "अरे, ही तर आपल्या ओळखीची" असं कोणी म्हटलं की. म्हणून पहिला सल्ला अगदी साधा आहे: जिथे तुम्हाला, तुमच्या घरच्यांना किंवा फोटोतल्या माणसाला कोणी ओळखत नाही अशी लॅब निवडा. टपालाने रोल घेणारी, लांबची लॅब यासाठी घराजवळच्या दुकानापेक्षा बरी. टपालात गहाळ व्हायचा धोका आहे, तेव्हा नोंदणी करून पाठवा.

रोल भरतानाच विचार करा

सहलीचे तीस फोटो आणि शेवटी सहा खासगी, असा मिश्र रोल सगळ्यांत जास्त अडचणीचा. लॅबला "या सहा बघू नका" असं सांगून काही उपयोग नाही, स्कॅनरमधून पट्टी जाते ती अख्खी. खासगी फोटोंसाठी वेगळा रोल ठेवा, तोही ३६ ऐवजी २४ फ्रेमचा, म्हणजे तो लवकर संपतो आणि उरलेल्या जागेत काहीही भरायचा मोह होत नाही. कॅमेऱ्यातून काढल्यावर डबीवर पेनाने एखादी खूण करा. नाव लिहू नका.

घरात सापडलेला जुना, न धुतलेला रोल असेल तर त्यावर काय आहे हे कोणालाच माहीत नसतं. तो खासगीच समजा.

फ्रेममध्ये दुसरं माणूस असेल तर फोटो काढायला त्याचा होकार होता एवढं पुरत नाही. हा रोल बाहेर धुवायला जाणार आहे हे त्याला आधी सांगा. मी पाहिलेल्या भांडणांपैकी बरीच इथूनच सुरू झाली होती.

काउंटरवर काय विचारायचं, काय लिहायचं

रोल इथेच धुतला जातो की बाहेर जातो, हे सर्वांत आधी विचारा. पुष्कळ काउंटर नुसते गोळा करणारे असतात; रोल तिथून एखाद्या मोठ्या लॅबला जातो आणि वाटेत दोन-तीन हात बदलतो. तो बाहेर जात असेल तर तिथल्या लॅबचं नाव विचारा आणि जमल्यास थेट तिथेच द्या.

मग मुद्द्याचं: फक्त रोल धुऊन मिळेल का? स्कॅन नको, प्रिंट नको, इंडेक्स प्रिंटही नको. इंडेक्स प्रिंट म्हणजे सगळ्या फ्रेम एका कागदावर छोट्या छापलेल्या. काही लॅब ती न विचारता देतात आणि ती काढायची म्हणजे स्कॅन आलंच. बहुतेक लॅब फक्त धुऊन द्यायला तयार असतात, पैसेही कमी पडतात. पट्टी न कापता गुंडाळून मागितली तर लाइट टेबलवरचा टप्पाही टळतो. मात्र गुंडाळलेली फिल्म घरी नेऊन लगेच कापा आणि सपाट ठेवा, नाहीतर ती वळते आणि तिच्यावर ओरखडे पडतात.

निगेटिव्ह परत मिळतात का, हेही विचारा. काही ठिकाणी स्कॅन मेलने येतात आणि निगेटिव्ह तुम्ही मागितल्या नाहीत तर फेकून देतात. फेकून देतात म्हणजे कचऱ्यात जातात, नष्ट करत नाहीत. फोटोची मूळ प्रत निगेटिव्ह असते. ती हातात आल्याशिवाय काम झालं असं समजू नका.

स्कॅन घ्यायचेच असतील तर ते कोण करणार, लॅबच्या कॉम्प्युटरवर किती दिवस राहणार आणि तुम्हाला कसे मिळणार हे विचारून घ्या. स्कॅन बाईने करावं असं सांगायला काहीच हरकत नाही. मी कामावर असताना अशा विनंत्या यायच्या आणि आम्ही त्या पाळायचो. स्कॅनची लिंक येणार असेल तर ती पासवर्डशिवाय कोणालाही उघडता येते का ते बघा. फोटो उतरवून घेतलेत की फाइल काढून टाकायला सांगा.

हे सगळं तोंडी सांगून सोडू नका. रोल घेणारा माणूस वेगळा आणि मशीनवरचा वेगळा. आमच्या लॅबमध्ये एका बाईंनी "फक्त धुवा" असं काउंटरवर सांगितलं होतं. पाकिटावर ते लिहायचं राहिलं. दुपारच्या पाळीतल्या मुलाने सवयीने सगळ्या ३६ प्रिंट काढून ठेवल्या. बाई आल्या तेव्हा मी काउंटरवर होते. प्रिंट परत केल्या, पैसे घेतले नाहीत, माफी मागितली. पण झालं ते झालं. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते: पाकिटावर मोठ्या अक्षरांत "फक्त धुणे, स्कॅन-प्रिंट नको" असं स्वतःच्या हाताने लिहा आणि त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पाकिटावर पूर्ण नाव लिहायची गरज नसते. आडनाव नको, नाव आणि पावतीचा नंबर पुरतो.

लॅबचेही काही नियम असतात. प्रौढांचे नग्न फोटो छापायला काही लॅब सरळ नकार देतात, ते आधी विचारलेलं बरं. लहान मुलांच्या शोषणाचा संशय येईल असं काही दिसलं तर ते पोलिसांना कळवणं अनेक ठिकाणी लॅबवर कायद्याने बंधनकारक आहे, आणि ते तसंच असायला हवं.

निगेटिव्ह घरी आली, आता पुढे?

फ्लॅटबेड स्कॅनर असेल तर त्याच्या झाकणात फिल्मसाठी दिवा आहे का ते बघा. तो नसेल तर निगेटिव्ह स्कॅन होत नाही. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. एक सपाट एलईडी लाइट पॅनल घ्यायचं, त्यावर होल्डरमध्ये पट्टी ठेवायची आणि स्टँडवरच्या डिजिटल कॅमेऱ्याने मॅक्रो लेन्स लावून वरून फोटो काढायचा. कॅमेरा आणि पट्टी समांतर हवी, खोलीतले बाकीचे दिवे बंद हवेत. मग सॉफ्टवेअरमध्ये रंग उलटे करायचे. नारिंगी छटा काढायला पहिल्या दिवशी तास जातो, आठवड्याने पाच मिनिटं लागतात.

इथे एक चूक हटकून होते. एवढं सगळं सांभाळून केलेले स्कॅन ज्या फोल्डरमध्ये ठेवले तो फोल्डर आपोआप क्लाउडवर चढत असतो. आधी ते बंद करा.

लॅबच नको असेल तर

ब्लॅक अँड व्हाइट फिल्म घरी धुणं वाटतं तितकं अवघड नाही आणि त्याला डार्करूमही लागत नाही. लागते ती हात घालता येणारी काळी चेंजिंग बॅग, उजेड न शिरणारी डेव्हलपिंग टाकी, थर्मामीटर आणि तीन रसायनं. बॅगेत हात घालून रोल टाकीच्या स्पूलवर चढवायचा. हे काम आधी वाया गेलेल्या रोलवर उजेडात, मग डोळे मिटून दहा वेळा करून बघा. पुढचं सगळं उजेडातच होतं. इल्फर्डची एचपी५ प्लस फिल्म ४०० आयएसओला वापरली असेल तर आयडी-११ डेव्हलपरमध्ये, पाणी न मिसळता, २० अंशांवर साडेसात मिनिटं. दर मिनिटाला टाकी काही सेकंद उलटसुलट करायची. मग डेव्हलपरचं काम थांबवणारा स्टॉप बाथ, मग फिक्सर, मग धुणं. फिक्सर पुरेसा ताजा आहे का हे बघायला फिल्मचा कापलेला तुकडा त्यात टाका. तो पारदर्शक व्हायला जितका वेळ लागतो त्याच्या निदान दुप्पट वेळ रोल फिक्सरमध्ये ठेवायचा. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरलेली असते, म्हणून तो मोरीत ओतू नका. घातक कचरा घेणाऱ्या केंद्राला द्या. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा.

फिल्म घेताना डबी वाचा. इल्फर्डची एक्सपी२ सुपर ब्लॅक अँड व्हाइट असली तरी ती रंगीत फिल्मसारखी सी-४१ मध्ये धुतात. वरची कृती तिला चालत नाही.

रंगीत फिल्मसाठीही घरगुती किट मिळतात. तिथे सगळा खेळ ३८ अंशांच्या आसपास तापमान स्थिर ठेवण्याचा आहे. गरम पाण्याच्या टबात बाटल्या ठेवून ते जमतं. पण पहिला प्रयोग खासगी रोलवर करू नका.

याहून सोपी वाट इन्स्टंट कॅमेऱ्याची. पोलरॉइडचा पहिला कॅमेरा १९४८ साली विक्रीला आला, आणि लॅबच्या नजरेतून सुटका हे त्याच्या खपामागचं एक कारण होतं, हे फारसं कोणी मोठ्याने बोलत नसलं तरी सगळ्यांना ठाऊक होतं. हल्लीच्या इन्स्टंट फिल्ममध्ये वेगळी निगेटिव्ह उरत नाही. जुन्या, सोलून काढायच्या प्रकारात मात्र टाकून द्यायचा अर्धा भाग उरायचा. फुजीच्या एफपी-१००सीच्या त्या भागावर ब्लीच लावलं की चांगली निगेटिव्ह मिळते. लोक कचऱ्यात जाणारा हा भाग असा जपायला लागले, म्हणजे दुसऱ्या कोणालाही त्यातून निगेटिव्ह मिळवता येते.

मोबाइलमधले फोटो छापून घेताना

आता बहुतेक फोटो असेच छापले जातात आणि इथे फिल्मपेक्षा जास्त ठिकाणी प्रती राहतात.

कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड दुकानात देऊ नका. त्यातले पुसलेले फोटो फोटोरेकसारख्या फुकट प्रोग्रॅमने बऱ्याचदा परत मिळतात. नुसतं फॉरमॅट करूनही भागत नाही, कारण झटपट फॉरमॅटमध्ये फक्त यादी पुसली जाते. नवा कोरा पेनड्राइव्ह घ्या, त्यात छापायचे तेवढेच फोटो घाला.

फोटोच्या फाइलमध्ये एक्झिफ नावाची माहिती असते: तारीख, वेळ, फोन कोणता, आणि लोकेशन चालू असेल तर जागाही. डिसेंबर २०१२ मध्ये लपून फिरणारा, अँटीव्हायरसवाला जॉन मॅकफी ग्वातेमालात आहे हे अशाच एका फोटोमधून जगाला कळलं. तुम्ही लपून फिरत नसाल, पण घराचा पत्ता दुकानदाराला कशाला? विंडोजमध्ये फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ही माहिती काढायची सोय आहे, आयफोनवर शेअर करताना लोकेशन बंद करता येतं. एक्झिफटूल नावाच्या प्रोग्रॅमने सगळंच साफ करत असाल तर सांभाळून: फोटो उभा की आडवा ही नोंद आणि रंगांचं प्रोफाइलही त्यात जातं, आणि प्रिंट आडवी किंवा फिकी येते. फक्त लोकेशन काढलं तरी पुरे.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला तर लोकेशन निघून जातं, पण दर्जाही घसरतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर दर्जा राहतो आणि एक्झिफही. दोन्हींत फोटो दुकानदाराच्या फोनमध्ये किंवा कॉम्प्युटरवर पडतो, आणि नंतर "सगळ्यांसाठी डिलीट" केलं तरी आधी उतरवलेली प्रत तिथेच राहते. खासगी फोटो या मार्गाने पाठवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. पेनड्राइव्ह न्या, समोर उभं राहून छापून घ्या, आणि जाताना तीन जागा रिकाम्या करून घ्या: डेस्कटॉपवरची कॉपी, प्रिंटची रांग (त्यात जुनी ऑर्डर पुन्हा छापायची सोय असते) आणि रिसायकल बिन.

किऑस्कबद्दल, म्हणजे दुकानात आपणच चालवायच्या प्रिंटिंग मशीनबद्दल एक गोष्ट कोणी सांगत नाही. पुष्कळ किऑस्कमध्ये डाय-सब्लिमेशन प्रिंटर असतो. त्यातली रिबन पिवळी, मॅजेंटा आणि सायन अशा तुकड्यांची असते आणि प्रत्येक प्रिंटला त्या तीन रंगांचे नवे तुकडे लागतात. जिथला रंग कागदावर गेला तिथे रिबन फिकी होते, म्हणजे छापलेल्या प्रत्येक फोटोची उलटी छाप रिबनवर राहते. उजेडासमोर धरली की चेहरे ओळखू येतात. वापरलेली रिबन तशीच कचऱ्यात गेली तर दिवसभराचे सगळे फोटो तिच्यावर असतात. तेव्हा खासगी फोटोंसाठी असा किऑस्क टाळा. घरातल्या रिबनवाल्या छोट्या फोटो प्रिंटरचीही तीच गत आहे. त्याची रिबन कातरून मग टाका. इंकजेटला ही भानगड नाही, म्हणून घरी छापायचं तर इंकजेट घ्या.

ऑनलाइन प्रिंट मागवणं सोयीचं, पण फोटो कुठे कुठे जातात यावर तुमचा ताबा राहत नाही. २०१२ साली कोडॅक गॅलरी बंद झाली आणि तिच्यावरचे ग्राहकांचे फोटो शटरफ्लायकडे गेले. २०१५ साली अनेक मोठ्या दुकानांच्या फोटो साइट चालवणारी पीएनआय डिजिटल मीडिया हॅकरांच्या तावडीत सापडली; ग्राहकांना या कंपनीचं नावही माहीत नव्हतं. ऑनलाइन मागवलंच तर प्रिंट हातात आल्यावर अल्बम डिलीट करा, खातं बंद करा, आणि चेहरे ओळखून गट करण्याची सोय पहिल्या दिवशीच बंद ठेवा.

फोटो बाहेर गेलाच तर

रागाने दुकानात जाऊन आधी सगळं डिलीट करायला लावू नका, पुरावाही जाईल. जिथे फोटो दिसला तिथला स्क्रीनशॉट, पत्ता, तारीख, लॅबची पावती आणि पाकिटाचा फोटो जपून ठेवा. मग लॅबला लेखी कळवा आणि पोलिसांकडे तक्रार करा. खासगी नग्न फोटो असेल आणि त्यातलं माणूस १८ वर्षांवरचं असेल तर स्टॉपएनसीआयआय ही सेवा वापरता येते. ती तुमच्याच फोनवर फोटोचा डिजिटल ठसा तयार करते; फोटो कुठेही पाठवावा लागत नाही. तो ठसा जुळला की सहभागी सोशल मीडिया कंपन्या तो फोटो अडवतात. १८ खालच्यांसाठी अशीच टेक इट डाउन नावाची सेवा आहे.

आणि पाकीट घेऊन या

ही पायरी लोक विसरतात. आमच्या काउंटरखाली एक खोकं होतं, कोणी न नेलेल्या पाकिटांचं. रोल देताना घाई असते, मग पावती हरवते, मग लाज वाटते, मग वर्षं जातात. पाकिटं नावाच्या क्रमाने लावलेली असायची आणि नव्या मुलाला काम शिकवताना हमखास तीच उघडून दाखवली जायची: ही ओव्हर झालेली (उजेड जास्त), ही अंडर (उजेड कमी), हा फोकस गेलेला. मी लॅब सोडली तेव्हाही ते खोकं तिथेच होतं.